चार पितळी बुचं

आमचे मिस्त्री कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नसत. एकदा सांगायचे, तेही हातातलं काम न थांबवता, आणि समोरच्याला ऐकू गेलं की नाही याची चौकशी करायचे नाहीत. "काय म्हणालात?" असं कुणी विचारलंच, तर पान्ह्याकडं बघत उत्तर यायचं, "म्हणून झालं." नवीन गिऱ्हाईक यावर चिडायचं. जुनं गिऱ्हाईक कान टवकारून उभं राहायचं.

परंड्याहून सोनारीला जाताना डाव्या हाताला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पाटी नाही, फोन नंबर नाही, दारात एक कडुनिंब आणि त्याखाली चारदोन गाड्या तोंड उघडून उभ्या. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात उभी हयात घालवून निवृत्त झालेला माणूस. घरी बसवेना म्हणून शेड टाकलेलं. रविवारी शेड बंद. रविवारी ते सोनारीच्या भैरवनाथाला जायचे, पण रांगेत उभं राहूनही कान रस्त्यावर. एकदा दर्शन अर्धवट टाकून बाहेर आले आणि एका अनोळखी माणसाच्या मोटारीवर थाप मारून म्हणाले, "बेल्ट तुटतोय ह्यांचा. नारळ मागनं फोड." त्या माणसाला आधी ते वेडे वाटले. बॉनेट उघडल्यावर त्यानं त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

गाडीच्या मालकाला ते 'तू' म्हणत आणि गाडीला 'तुमी'. मालक कितीही मोठा असो. बॉनेट उघडून, कंबरेत वाकून, आजारी पाहुण्याला विचारावं तसं विचारायचे, "काय वो, कुठं दुखतंय तुमाला?" मग एक लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. इंजिन चालू असेपर्यंत मिस्त्री कधी बसले नाहीत. मोठं कुणी बोलत असताना आपण बसत नाही, तसंच ते त्यांच्या लेखी असावं. आता ते लातूरला लेकीकडं असतात. मी फोन केला की माझी खुशाली विचारायच्या आधी म्हणतात, "त्यांना जरा चालू कर." मग मी फोन बॉनेटजवळ धरून उभा राहतो, आणि येणारे-जाणारे माझ्याकडं बघतात.

टर्बोच्या गाड्यांसाठी त्यांचा वेगळा कायदा होता. गाडी लांबून पळत आली असेल तर ती लगेच बंद करायची नाही. किल्लीकडं हात गेला की मिस्त्री खिडकीत हजर. "आधी चहा. मग किल्ली." एक कप चहा येऊन, फुंकून, पिऊन होईपर्यंत गाडी संथ चालू ठेवायची. आत तापलेला टर्बो गरगरत असतो, इंजिन बंद केलं की त्याचं ऑइल तुटतं, हे पुस्तकातलं कारण. मिस्त्रींचं कारण सोपं होतं. "पळत आलेल्या माणसाला कुणी धाडदिशी निजवतं का?" समोरच्या टपरीवाल्याचा अर्धा धंदा या एका वाक्यावर चालायचा.

आणि गाठोडं. काम झालं की ते एका फडक्यात बदललेले, उरलेले, काढलेले सगळे भाग बांधून मालकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "गाठ सोडून बघ." मालकानं तिथंच, त्यांच्या समोर गाठ सोडायची, काय निघालं, काय नवं पडलं, हे डोळ्यांनी बघायचं. हेच त्यांचं बिल आणि हीच त्यांची साक्ष. 'हे केलं, ते केलं' असं तोंडानं ते सांगायचे नाहीत. जे केलं ते फडक्यात असायचं.

आता माझं सांगतो. आम्ही भूम तालुक्यातले, घरी खव्याची भट्टी. आमची आणि गावातल्या आणखी आठ घरांची. सकाळी दूध आटतं, दुपारच्या आत खवा बार्शीला पोचावा लागतो. खवा कुणासाठी थांबत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. तो पोचवायचं काम माझ्या पिकअपचं. माझी गाडी थांबली तर नऊ घरांच्या चुली थांबल्या, असा मामला. अशा गाडीला माणसानं जपावं. पण मी मेकॅनिकलचा डिप्लोमा दोन विषय राहून सोडलेला माणूस होतो, आणि राहिलेल्या दोन विषयांत इंजिनच होतं, हे आता सांगायला हरकत नाही. शिक्षण अर्धं राहिलं की माणूस उरलेलं अर्धं मोबाइलवर पुरं करतो. मी पुण्याच्या एका पोराकडून गाडीच्या टर्बोचं प्रेशर वाढवून आणलं. गाडी अशी पळायला लागली की बार्शीचे व्यापारी 'एवढ्यात आलास?' म्हणत मला घड्याळ दाखवायचे.

महिन्याभरानं ऑइलचा लाल दिवा मिचकायला लागला. पळताना नाही. पळून आल्यावर, गाडी स्लोला, म्हणजे नुसती चालू ठेवून उभी असताना. पुण्याला फोन केला. पोरगं म्हणालं, पिस्टनखालचे ऑइल जेट काढून टाका.

हे जेट म्हणजे काय ते सांगायला हवं. पिस्टनच्या डोक्यावर डिझेल पेटतं. टर्बोनं जास्त हवा कोंबली की ती आग आणखी भडकते. म्हणून प्रत्येक पिस्टनच्या पोटाखाली एक बारीक नळी बसवलेली असते. तिच्यातून ऑइलची धार उडते आणि पिस्टनला खालून गार ठेवते. मिस्त्री तिला पिचकारी म्हणत. पुण्याच्या पोराचं म्हणणं, या चार पिचकाऱ्या ऑइलचं प्रेशर खातात. भोकं बुचांनी बंद करा, सगळं ऑइल बेअरिंगला जाईल, दिवा विझेल. शर्यतीच्या गाड्यांत असंच करतात. मी त्या रात्री तीन व्हिडिओ बघितले. तिघांनीही हेच सांगितलं, म्हणजे ते खरंच असणार. बार्शीला लेथवर चार पितळी बुचं करून घेतली आणि मिस्त्रींच्या समोर ठेवली.

त्यांनी एक बूच उचलून उजेडात धरलं. "आटे झ्याक पडलेत," म्हणाले.

"चारी पिचकाऱ्या काढा आणि ही बसवा. दिवा लागतोय."

"कवा लागतोय?"

"स्लोला."

"स्लोला पिचकारी चालतच न्हाय. तिच्यात छर्रा हाय, स्प्रिंगवर. प्रेशर चढलं तरच उघडती. मग स्लोला ऑइल खातंय कोण?"

उत्तर येत नसलं की माणूस मोठ्यानं बोलतो. मी म्हणालो, "शर्यतवाले काय येडे आहेत का?"

"शर्यतीची गाडी शर्यत झाली की खोलत्यात. तुला दुसऱ्या दिवशी बार्शीला जायचं असतंय." एवढं बोलून ते एका ट्रॅक्टरखाली शिरले आणि माझ्यापुरते बंद झाले.

दोन दिवसांनी मिस्त्री आमच्या भट्टीवर हजर. न सांगता, सायकलवर. आई कढईपुढं बसली होती, लांब दांड्याच्या उलथण्यानं दूध ढवळत, तळ खरवडत. खवा घट्ट व्हायला आला होता; अशा वेळी हात क्षणभर थांबवायचा नसतो, हे आमच्याकडं रांगतं पोरही जाणतं. मिस्त्रींनी वाकून आईच्या हातातलं उलथणं अलगद काढून घेतलं.

"अक्का, जरा हात थांबवा."

आईला वाटलं, थकलेली बघून या माणसाला दया आली. तिनं पदरानं तोंड पुसलं. तेवढ्यात वास आला. "अगं बया, लागला!" म्हणत ती उठली, तर मिस्त्रींनी उलथणं पाठीमागं धरलेलं. आई पुढून आली की ते वळायचे, मागून गेली की पुन्हा वळायचे. शेजारच्या भट्टीवरच्या बायका बघायला आल्या. पाच मिनिटांत कढईभर खव्याचा तळ काळा पडला आणि वरच्या पांढऱ्यालाही धुराचा वास लागला.

मग दारातल्या गाडीकडं बोट करून ते मला म्हणाले, "तुज्या घरात आग खाली, हात वर. ह्यांच्यात आग वर, हात खाली. त्यो हात काढायला निगालाय तू."

आई काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. "एवढं शिकवायला माझीच कढई घावली का?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मिस्त्रींनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग ती कढई उचलून हौदापाशी नेली आणि राखेनं घासून लख्ख करून आणून ठेवली. जाताना खरवडीचा एक काळा तुकडा खिशात टाकला. मी तो बघितला, पण अर्थ लावला नाही.

त्यांचं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं, हे आज कबूल करतो. पण चार बायकांच्या देखत पटलं होतं, म्हणून ते मान्य करणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी शेडात लावून मी म्हणालो, "गाडी माझी आहे. बुचं बसवा."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

एवढ्या सहज 'बरं' म्हणणारा माणूस हरलेला असतो, असा माझा समज होता.

दोन दिवस खवा भाड्याच्या टेंपोनं पाठवला आणि मग गाडी आणायला गेलो. त्यांनी चालू करून दाखवली. चांगली तापवली, स्लोला सोडली, चहा झाला. दिवा एकदाही मिचकला नाही. माझी छाती फुगली. "झालं ना मग? मी म्हणत होतो."

मिस्त्रींनी गाठोडं पुढं केलं. "गाठ सोडून बघ."

घरी नऊ घरांचा खवा निघून बसला होता. मी ते गाठोडं सीटखाली जॅकशेजारी टाकलं, "नंतर बघतो" म्हणालो आणि गाडी हाणली. आरशात बघितलं तर ते रस्त्यावर उभे होते, हात फडक्याला पुसत. दुसऱ्यांदा काही म्हणाले नाहीत.

त्यानंतर दोन वर्षं मी पिचकाऱ्यांवर प्रवचनं दिली. लग्नात, बाजारात, पंपावर रांगेत. माझी गाडी हाच पुरावा होता: दिवा नाही, धूर नाही, घाटात दम नाही लागत. कुणी शंका काढली की मी बॉनेटवर थाप मारायचो. ऐकणाऱ्यांत माझा मेहुणा होता. तो अणदूरचा, प्रवाशांची जीप चालवायचा, इंजिन माझ्याच जातीचं. माझं बघून त्यानंही टर्बो वाढवला, आणि त्याचाही दिवा मिचकायला लागला. त्यानं फोन केला तेव्हा मी म्हणालो, "बिनधास्त काढ. दोन वर्षं झाली माझ्या गाडीला." त्याच्या जवळच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं तसं करून दिलं. बिचाऱ्याचा काय दोष.

एका दुपारी मी बार्शीला खवा उतरवत होतो. फोन वाजला.

"दाजी, गाडी बसली."

"बसली म्हणजे?"

"तुळजापूरच्या घाटात. चढाला टकटक आली, आन् कुणी दाबून धरल्यागत एकदम थांबली."

"माणसं?"

"समदी धड हायत. म्या हातब्रेक वढला, एकानं उतरून चाकाला धोंडा लावला. देवीला निगालेली व्हती, एस्टीत बसवून दिली."

मी हातातला खवा दुकानाच्या पायरीवर ठेवला. माणसं धड आहेत, माणसं धड आहेत, एवढंच डोक्यात. तोवर तो पुढं म्हणाला, "दाजी, तुमच्या गाडीतबी बुचंच हायत न्हवं? आज पळवू नका बरं."

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याची जीप माझ्या शब्दावर मेली होती आणि तो माझ्या गाडीची काळजी करत होता.

बार्शीहून मिस्त्रींच्या शेडापर्यंतचा तो प्रवास मी विसरणार नाही. त्याच गाडीत बसायचं, आणि तिच्या पोटात चार पिस्टन कोरड्या कढईसारखे भाजतायत असं समजून चालवायची. तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचाही धीर होईना. उसाच्या ट्रॉल्या मला मागं टाकून गेल्या. एक म्हातारा मोपेडवर पुढं निघून गेला आणि वळून वळून बघत राहिला. दर गावाला उतरून मी बॉनेटवर हात ठेवत होतो आणि माझ्याच तोंडून निघत होतं, "तुमाला काय होत न्हाय ना? एवढं पोचवा." गाडीला 'तुमी' म्हणायला मी त्या दिवशी शिकलो.

शेडात शिरताच मी ओरडलो, "मिस्त्री, उघडा हिला! पिचकाऱ्या परत बसवा, आत्ताच्या आत्ता!" आणि किल्लीकडं हात नेला.

"आधी चहा. मग किल्ली."

"मिस्त्री, पाया पडतो!"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "गाठ सोडली व्हती का तू?"

"कसली गाठ?"

विचारता विचारताच आठवलं. मी सीट उचलली. जॅकशेजारी, धुळीनं काळं झालेलं, दोन वर्षं माझ्याच बुडाखाली प्रवास केलेलं ते गाठोडं. गाठ आवळून बसलेली, दातांनी सोडवावी लागली.

आत चार पितळी बुचं होती. आट्यांना ऑइलचा डागसुद्धा नव्हता, जशी लेथवरून आणली तशीच. त्यांच्याबरोबर एक जुनी पिचकारी. आणि एक काळा, दगडासारखा कडक तुकडा, जो ओळखायला मला अंमळ वेळ लागला. आईच्या कढईतली खरवड होती ती. मुंग्यांनीसुद्धा तिला तोंड लावलं नव्हतं.

"हिचा छर्रा कचऱ्यानं अडकून उघडाच ऱ्हायला व्हता," पिचकारीकडं बोट करून मिस्त्री म्हणाले. "स्लोलाबी धार चालूच. तुजा दिवा हिनं लावला. ही एक बदलली. बाकीच्या तिगी जाग्यावर हायत."

म्हणजे पिचकारी प्रेशर खात होती, हे खरंच होतं. पण चोर एक होता, आणि मी चौघींना घराबाहेर काढायला निघालो होतो. मी ती चार बुचं मुठीत धरून कडुनिंबाखाली उभा राहिलो आणि हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं ज्या गाडीच्या जिवावर मी बुचांची थोरवी गायलो, तिच्यात बुचं कधी नव्हतीच. तो खालचा हात आगीखाली रोज चालू होता, घाटात, उन्हात, माझी बढाई चालू असताना. एवढं सुटल्यासारखं मला परीक्षेत पास झाल्यावरही वाटलं नव्हतं; अर्थात ती वेळ फारशी आली नाही.

मग राग आला. "मग तेव्हाच सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं की. गाठ सोडून बघ म्हणलो."

"एकदाच म्हणालात! मी हे गावभर सांगत फिरलो. मेहुण्यानं माझं ऐकून काढल्या. आज तुळजापूरच्या घाटात त्याचं इंजिन जाम झालं, भरलेल्या जीपचं!"

मिस्त्री खाली बसले. उपड्या ड्रमवर, गुडघ्यांवर हात ठेवून. माझी गाडी अजून चालू होती. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो, कारण चालू इंजिनासमोर बसलेले मिस्त्री मी कधी बघितले नव्हते.

"माणसं?"

"धड आहेत."

त्यांनी गुडघ्यांवरचे हात फडक्याला पुसले. मग ते म्हणाले, "तू गाठ सोडली न्हाय, आन् म्या दुसऱ्यांदा म्हणलो न्हाय. निम्मं तुजं, निम्मं माजं. रविवारी अणदूरला जाऊ."

रविवारी सोनारी चुकली, ती एकच नाही, पुढचीही. मेहुण्याच्या अंगणात इंजिन खोललं. तिसऱ्या पिस्टनची कड वितळून सिलिंडरच्या भिंतीला लिंपल्यासारखी चिकटली होती. मिस्त्रींनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि जीपला म्हणाले, "लई सोसलं तुमी." ब्लॉक सोलापूरहून बोअर करून आला, नवे पिस्टन पडले, आणि प्रत्येकाखाली नवी पिचकारी. बसवायच्या आधी मिस्त्रींनी एकेकीचा छर्रा काडीनं दाबून मेहुण्याला दाखवला. माझ्या सासूबाईंनी दोन्ही रविवारी त्यांना ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. ते अर्धं लक्ष जीपकडं ठेवून जेवले.

दुसऱ्या रविवारी दुपारी जीप चालू झाली. ऑइलचा दिवा लागला, विझला आणि विझलेलाच राहिला. तापेपर्यंत चालवली, चहा झाला, मग किल्ली. मी आणि मेहुणा एकमेकांकडं बघून उगाच हसत होतो. मिस्त्रींनी गाठोडं बांधलं आणि त्याच्या हातात दिलं.

"गाठ सोडून बघ."

एवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. तुळजापूरला जाणारी चार माणसं उभी होती, गाडी निघतेय का विचारत होती. दोन आठवडे रिकामा बसलेला मेहुणा हरखला. "निगाली, निगाली!" म्हणत त्यानं गाठोडं सीटखाली सारलं आणि किल्लीला हात घातला.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी आवाज आला. मिस्त्री हातातल्या पान्ह्याकडं बघत होते, जरा अवघडून, पहिल्यांदाच एखादं काम करणाऱ्या माणसासारखे.

"ए," ते म्हणाले, "गाठ सोडून बघ."

मेहुणा खाली उतरला, त्यानं गाठोडं बाहेर काढलं आणि बॉनेटवर ठेवून गाठ सोडली.